डब्याचं नाव सगळ्यांना कसं काय माहीत?

लहान बाळाच्या पावडरच्या दुधाची जाहिरात टीव्हीवर कधी बघितलीय का? नाही ना. कारण आपल्याकडं ती करायलाच बंदी आहे, 1992 चा कायदा आहे त्याला, 2003 मध्ये तो अजून कडक केला, आता दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं पावडरचं दूध, बेबी फूड, दुधाची बाटली, कशाचीच जाहिरात चालत नाही, फुकट सॅम्पल नाही, गिफ्ट नाही, डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटोसुद्धा नाही. डॉक्टरांच्या सेमिनारला कंपनीनं पैसे द्यायचे नाहीत, आणि सेल्समनला किती डबे खपवले त्यावर कमिशनही द्यायचं नाही. एवढं सगळं असून आमच्या बेळगावात कुठल्याही आजीला विचारा, डब्याचं नाव तोंडपाठ!

ते कसं होतंय ते मी वैनीच्या बाळंतपणात बघितलं. सिझर झालेलं, दुसऱ्या दिवशी बाळ रडायलं की सिस्टर म्हणाली, "अक्का, दूध पुरेना झालंय, डबा आणून ठेवा", आणि चिठ्ठीवर थेट कंपनीचं नाव. आई लगेच घाबरली, दादा मेडिकलला पळाला, मराठी-कन्नड दोन्हीकडची पाव्हणी मंडळी "हां, हेच चांगलं" म्हणून मोकळी. दुसऱ्या दिवशी कुणालाच भरपूर दूध येत नसतंय हो! चीक चमचाभरच येतो, बाळाचं पोटही तेवढंच असतं, आणि बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध वाढतं. मधेच बाटली दिली की बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध खरंच कमी होतं, मग सिस्टरचं म्हणणं आपोआप खरं ठरतं आणि डबा महिनोन् महिने चालू. याच्यापेक्षा भारी जाहिरात कुठली असणार सांगा.

डबा वाईट असं मी म्हणत नाही, कुणाला खरंच दूध येत नाही, कुणाची आई नसते, आणि कायद्यानं विक्री बंद केलेलीच नाही. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांना तर 26 आठवड्यांची पगारी रजा कुठली मिळायला, त्यांना "अंगावरच पाजा" म्हणून भाषण देणं सोपंय. पण गरज कुणाला आहे ते कंपनीनं ठरवायचं नाही, एवढंच.

आता तर मोबाईलवरच सुरू झालंय, नवीन आयांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी ताई "माझ्या बाळाला हे सूट झालं" म्हणते, आणि दोन वर्षांवरच्या मुलांची पावडर हुबेहूब त्याच रंगाच्या डब्यात, तिची जाहिरात बिनधास्त, कारण ती कायद्यात बसत नाही.

असलं काही दिसलं, दुकानात ऑफरचा बोर्ड किंवा दवाखान्यात कंपनीचं कॅलेंडर, तर फोटो काढून बीपीएनआयला, म्हणजे ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या स्तनपानासाठी काम करणाऱ्या संस्थेला पाठवा. या कायद्याखाली तक्रार करायचा अधिकार सरकारनं त्या संस्थेला दिलाय.