पहिली डिस्क

जुन्या कॅसेट आणि डिस्कवरचं घरगुती चित्रण संगणकावर उतरवून देणं हे माझं काम. कॅसेट घातली की फाइल मिळते, असं लोकांना वाटतं. निम्मा दिवस टेप वाचणारं हेड पुसण्यात आणि बुरशी लागलेली टेप सोडवण्यात जातो.

त्या ताई आल्या होत्या फक्त सल्ला विचारायला. आई थकत चालली आहे, तिच्या आठवणी तिच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत, परवडेल असा कॅमकॉर्डर सुचवा, म्हणाल्या. एक त्यांनी निवडूनही ठेवला होता. ४के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम, आणि कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. मी म्हटलं, हा घेऊ नका. यातला झूम डिजिटल असतो, म्हणजे आहे तेच चित्र कापून ताणायचं. मेगापिक्सेलचा आकडाही बहुधा फुगवलेला. असे आकडे खोक्यावर छापणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण फसतो तो पहिल्यांदाच कॅमेरा घेणारा माणूस.

निघताना त्यांनी पिशवीतून चार छोट्या डिस्क काढल्या. “बाबांनी काढलेलं शूटिंग आहे, दादा. लागतच नाही. रिकाम्या आहेत का, बघता?”

८ सेंटिमीटरची डीव्हीडी. २००० सालापासून काही वर्षं अशा डिस्कवर थेट चित्रण करणारे कॅमकॉर्डर खूप चालले. एका बाजूला १.४ जीबी, साध्या दर्जात अर्धा तास. सोय अशी की डिस्क काढायची आणि प्लेअरमध्ये घालायची. पण त्याआधी कॅमेऱ्यातच ती ‘फायनलाइझ’ करावी लागे, म्हणजे शेवटची नोंद लिहून डिस्क बंद करावी लागे, त्याशिवाय बाहेरच्या प्लेअरला ती वाचता येत नसे. हे माहितीपुस्तिकेत असायचं. विकणाऱ्यानं ते तोंडी सांगायला काय हरकत होती? बाबा गेले, कॅमेरा मोडीत गेला, आणि भरलेल्या डिस्क रिकाम्या दिसायला लागल्या.

माझ्याकडे बाबांच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा एक जुना कॅमेरा होता. ताई समोर बसलेल्या, त्यांच्या डोळ्यांत आशा. मी अडॅप्टर लावला, पहिली डिस्क घातली, छोट्या स्क्रीनवर चित्रांचे चौकोन उमटले. ताई पुढे वाकल्या. मी फायनलाइझ दाबलं.

आधी डिस्कची कच्ची प्रत काढून घ्यायची, मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, हा माझाच नियम. तो मी त्या दिवशी मोडला. डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर इतक्या वर्षांनी पूर्वीसारखा राहत नाही, आणि फायनलाइझ करणं म्हणजे त्याच थरावर पुन्हा लिहिणं. अर्ध्यावर एरर आला. त्यानंतर ती डिस्क ना कॅमेऱ्यानं ओळखली, ना माझ्या तीन ड्राइव्हपैकी एकानं.

मी ताईंना तिथेच सांगितलं, चूक माझी आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. उरलेल्या तीन मी ठेवून घेतल्या आणि कच्चा डेटा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं रात्रभर सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं, उतरवल्या. तिन्ही मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून पाहिलं. बाबा एकाही चित्रात नाहीत. सगळं त्यांनीच काढलेलं. पण कॅमेऱ्याचा माइक त्यांच्या तोंडाशी, त्यामुळे सगळ्यांत स्पष्ट आवाज त्यांचाच. “अगं, इकडे बघ. हसू नकोस, बोल काहीतरी.” आई खोलीच्या पलीकडे. झूम करून चेहरा जवळ आणलेला, बोलणं मात्र पंख्याच्या घरघरीत बुडालेलं. झूमनं आवाज जवळ येत नाही.

मग मी कॅमेऱ्याबद्दल नव्यानं सांगितलं. माइक जोडायची ३.५ मिमीची खाच आहे का, ते आधी बघा. बऱ्याच स्वस्त कॅमकॉर्डरमध्ये नेमकी तीच नसते. ती असलेला चांगल्या कंपनीचा वापरलेला कॅमेरा मिळाला, तर नव्यापेक्षा तो घ्या. झूम न करता लेन्स, ३५ मिमी फिल्मच्या हिशेबानं, ३० मिमीच्या आसपास हवी, नाहीतर लहान खोलीत माणसं मावत नाहीत. स्वस्त कॅमकॉर्डरचा चित्र टिपणारा सेन्सर नखाहूनही लहान असतो, रात्रीच्या दिव्यात चित्रावर दाणे येतात, म्हणून आईंना दिवसा खिडकीपाशी बसवा. बॅटरी अजून मिळते ना, ते विचारा. फाइल साध्या मेमरी कार्डवर जाऊ दे आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा. आणि स्टँड घ्या, स्क्रीन पुढे वळवा, तुम्हीही आईशेजारी बसा.

“फोन नाही का चालणार?” त्यांनी विचारलं. घरातल्या उजेडात चांगला फोन स्वस्त कॅमकॉर्डरपेक्षा चित्र बरं देतो, हे मी लपवलं नाही. फक्त फोनवर मध्येच कॉल येतो, जागा भरते, आणि घाईत काय पुसलं जाईल, सांगता येत नाही. तासभर आईला निवांत बोलू द्यायचं, तर वेगळं यंत्र बरं. फोनच वापरायचा असेल, तर कॉलरला लावायचा एक छोटा माइक घ्या, म्हटलं.

पैसे मी घेतले नाहीत. बिघडलेली पहिली डिस्क त्यांनी माझ्याकडेच ठेवली. “कधी जमलं तर बघा,” म्हणाल्या. त्या चौकोनांपैकी एकात दारात उभं कुणीतरी दिसलं होतं, बहुतेक पुरुष. ताईंनी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही आणि विचारायचा धीर होत नाही. काल एका जुन्या ड्राइव्हमध्ये डिस्क पुन्हा घालून पाहिली. ती फिरते, थांबते, पुन्हा फिरते, आणि स्क्रीनवर येतं, ‘डिस्क घाला.’