पाकिटात परत न जाणारा कागद

शिवणकामाचा टिश्यू पेपरचा पॅटर्न, म्हणजे कपड्याचे भाग बेतायचे कागदी तुकडे, एकदा पाकिटातून बाहेर आला की परत आत जात नाही. कितीही निगुतीने घड्या घाला, पाकीट फुगतं, कोपरा उसवतो आणि पाठीचा तुकडा बाहेर डोकावत राहतो. मी तो नाद सोडला. रिकाम्या पाकिटावरचं चित्र कापून मोठ्या लखोट्यावर चिकटवायचं आणि सगळे तुकडे त्या लखोट्यात, ऐसपैस.

खरं तर हा कागद टिकण्यासाठी नव्हताच. १८६३ मध्ये एबनेझर बटरिक या अमेरिकी शिंप्याने निरनिराळ्या मापांचे तयार पॅटर्न विकायला काढले. जाड कागद घडी करून टपालाने धाडणं अवघड, म्हणून टिश्यू आला. त्या काळी त्यावर छापील रेघासुद्धा नसत. टोचलेल्या भोकांवरून टक (फिटिंगसाठी घालायची चिमटी) कुठे, कापडाचा उभा धागा कुठला हे ओळखायचं. जपायचा हट्ट आपला, कागदाचा नव्हे.

आणि हट्टच करायचा तर छापील तुकड्यावर कात्री चालवूच नये. एकाच कागदावर चार-पाच मापं छापलेली असतात. लहान मापावर कापलं की मोठी मापं गेलीच. हवं ते माप ब्राऊन पेपरवर उतरवून घ्यावं. सुरकुत्या कोमट, कोरड्या इस्त्रीने जातात. वाफ मात्र नको, कागद आक्रसतो. फाटलं तर सेलोटेप लावायचा मोह आवरावा. काही वर्षांत तो पिवळा पडून सुटतो, डाग तेवढा ठेवून जातो. टाचण्या गंजतात, रबरबँड कागदाला चिकटून बसतं. आणि वर्तमानपत्रावर बेतलेले पॅटर्न? ते पिवळे पडून ठिसूळ होणारच, वर पांढऱ्या कापडाला शाई लावतील ती वेगळीच.

मला मात्र मूळ टिश्यूपेक्षा ती ब्राऊन पेपरची नक्कल जास्त मोलाची वाटते. तिच्यावर पेन्सिलीने काय काय लिहिलेलं असतं! ‘गळा अर्धा इंच वर.’ ‘मुंढा एवढा खोल नको’ (मुंढा म्हणजे बाही बसते ती खाच). एका बाहीवर नुसतंच ‘नाही’, आणि खाली दोनदा रेघ. छापील पॅटर्न दुसरा मिळेल, हे शेरे कुठे मिळणार? या नकला घडीत मोडू नयेत. जाड कागदाच्या असतील तर वर भोक पाडून आकड्याला टांगाव्यात; पातळ असतील तर गुंडाळी करून नळीत ठेवाव्यात. भिंतीला ओल नको, एवढंच पाहायचं. कसर लागली की ती मुंढा म्हणत नाही आणि गळा म्हणत नाही.

प्रत्येक तुकड्यावर नाव, माप आणि तारीख घालावी. कापड घडीवर ठेवायचं की सुटं, हेही. सगळ्यात आधी मात्र शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेने सोडायची जास्तीची जागा, धरली आहे की नाही ते. ते लिहिलेलं नसेल, तर कितीही जपलेल्या पॅटर्नवर नवं कापड कापायची माझी तरी छाती होत नाही. आधी जुन्या चादरीचा बळी द्यावा लागतो.