तुवालूत राहायचं कुठे?

‘तुवालूला जायचंय, तिथे राहायची सोय कशी होते?’ हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गोव्याचा हिशेब असतो: आधी हॉटेल ठरवू, तिकिटाचं नंतर बघू. तुवालूच्या बाबतीत हे नेमकं उलटं करायचं. म्हणून सविस्तर सांगतो.

पॅसिफिकमधल्या या देशाची बेटं नऊ, सगळी मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर आणि वस्ती अकरा हजारांच्या आसपास. विमान उतरतं ते फक्त राजधानीच्या फुनाफुतीवर (हे एक बेट नव्हे, छोट्या प्रवाळबेटांचं कडं). ते फिजीची राजधानी सुवा, तिच्याजवळच्या नौसोरी विमानतळावरून येतं, पंख्याचं एटीआर, अडीच तासांचा प्रवास, आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या. म्हणजे तुमचा मुक्काम किती रात्रींचा हे तुम्ही नव्हे, वेळापत्रक ठरवतं. आधी जायची-यायची विमानं पक्की करा, मगच खोलीसाठी मेल पाठवा.

फिजीसाठी भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. वाट मात्र सिंगापूर किंवा हाँगकाँगची धरा, तीही एकाच तिकिटावर. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि स्वस्त दिसलेलं तिकीट तिथेच महाग होतं. ही विमानं फिजीच्या पश्चिम टोकाला नांदीला उतरतात. (इंग्रजीत ‘नादी’ लिहितात, पण उच्चार नांदीच, आपल्या कानाला हे बरं, खेळ इथूनच सुरू.) नौसोरी बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. बसने चार तास धरा किंवा अर्ध्या-पाऊण तासाचं छोटं विमान घ्या. सुवात एक रात्र काढावीच. त्याच दिवशी जोडविमान पकडायची हौस करू नका.

परतीला तर दोन-तीन दिवस हातचे ठेवा. फुनाफुतीच्या आसपास दुसरी धावपट्टी नाही. पावसाने किंवा वाऱ्याने उतरता आलं नाही, तर विमानाला हजारभर किलोमीटर मागे फिरावं लागतं आणि तेवढं इंधन बरोबर ठेवावंच लागतं. इंधनाचं वजन वाढलं की प्रवाशांचं सामान मागे राहू शकतं. ते पुढच्या फेरीने येतं. म्हणून औषधं, चार्जर, तीन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. प्लग फिजी आणि तुवालूत सारखाच, तिरक्या पात्यांचा ऑस्ट्रेलियन पद्धतीचा.

आता खोली. फुनाफुतीचं मुख्य बेट फोंगाफाले सुमारे 12 किलोमीटर लांब, रुंदी मात्र कुठे दहा मीटर, कुठे फार तर चारशे. लगूनच्या, म्हणजे कड्याच्या आतल्या शांत पाण्याच्या, काठावर सरकारी हॉटेल ‘फुनाफुती लगून’ (पूर्वीचं ‘वाइआकू लागी’) आणि वस्तीत घरगुती लॉज, एवढाच मामला. बरीचशी ठिकाणं विमानतळापासून चालत जाण्यासारखी. खोल्या मोजक्या, आणि पर्यटकांपेक्षा गर्दी मदतनिधीवाल्या अधिकाऱ्यांची, सल्लागारांची. एखादी परिषद किंवा संसदेचं अधिवेशन आलं की गाव भरतं. 1 ऑक्टोबर हा स्वातंत्र्यदिन (1978), त्या आठवड्याचं दोन-तीन महिने आधी बघा.

मेलला उत्तर उशिरा येतं, त्यावर रागावू नका. तुवालू आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. आपण दुपारी चारला पत्र धाडतो तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. झोपण्याआधी पाठवलंत तर सकाळच्या चहाला उत्तर मिळायची शक्यता. उत्तराची प्रत छापून न्या. उतरल्यावर व्हिसा मिळतो, तेव्हा परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता हाताशी हवा.

मेलमध्ये एसी आहे का, हे सगळे विचारतात. त्याआधी विचारावं पाण्याचं. प्रवाळाच्या जमिनीखालचं पाणी खारावलेलं आणि मैल्याने बिघडलेलं, त्यामुळे पिण्याचं पाणी येतं ते छपरावरून: पत्रा, पन्हळ, पाइप, टाकी. पाऊस लांबला की टाकीचा तळ दिसतो. 2011 च्या दुष्काळात आणीबाणी जाहीर करावी लागली होती, घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं. तेव्हा टाकी लॉजची स्वतःची आहे का, कोरड्या दिवसांत काय करता, हे स्पष्ट विचारा. खोलीत गेल्यावर पन्हळ नीट आहे ना, टाकीला झाकण आहे ना, हे बघायला मिनिटभर पुरतं. पाणी उकळूनच प्या. बादली-तांब्याची आंघोळ आपल्याला नवी नाही. शॉवर सोडून बसणारा पाहुणा तिथे कुणालाच आवडत नाही.

खोली कुठल्या बाजूची, यालाही अर्थ आहे. मे ते ऑक्टोबर वारा पूर्वेचा, म्हणजे खुल्या समुद्राकडची खोली एसीशिवायही थंड, फक्त लाटांचा आवाज रात्रभर. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, वादळं आणि पश्चिमेचे वारे. जानेवारी ते मार्चमध्ये मोठं उधाण आलं की पाणी किनारा ओलांडून येतंच, शिवाय सच्छिद्र प्रवाळातून जमिनीखालूनही वर येतं. रस्त्याकडेला कोरड्या जागी एकाएकी तळं दिसतं. त्या दिवसांत खोली जोत्यावर उंच असलेली किंवा वरच्या मजल्यावरची मागा.

धावपट्टी 1943 साली अमेरिकन सैन्याने बांधली. विमान यायच्या आधी भोंगा होतो आणि पट्टी मोकळी केली जाते. विमान गेलं की संध्याकाळी तिथेच फुटबॉल, व्हॉलीबॉल. उकाड्याच्या रात्री लोक चटया टाकून झोपतातही. तेव्हा ‘विमानतळाला लागून’ या शब्दांना घाबरू नका. आवाज विमानाचा नसतो, खेळणाऱ्या पोरांचा असतो.

शाकाहाऱ्यांनी तयारीने जावं. रोजचं जेवण भात, मासे, डबाबंद मांस, नारळ, पुलाका नावाचा मोठा अळूकंद. भाजी बोटीने येते. तैवानच्या मदतीने चालणाऱ्या बागेत थोडी पिकते, आणि तिथे माल लवकर संपतो. लॉजमध्ये स्वयंपाकघर वापरता येईल का, हे आधीच ठरवा. डाळ-मसाले घरून बांधून नेऊ नका, फिजीत जैवसुरक्षा तपासणी कडक असते. गिरमिटियांच्या, म्हणजे ब्रिटिश काळात भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या, वंशजांमुळे सुवात डाळ, आटा, हळद सगळं मिळतं. बंद पाकिटं घ्या आणि फुनाफुतीला उतरताना फॉर्मवर जाहीर करा. रविवारी गाव चर्चमध्ये असतं, दुकानं बहुतेक बंद, म्हणून शनिवारीच घेऊन ठेवा.

पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, रोख. देशातलं पहिलं एटीएम आलं तेच 2025 मध्ये. कार्डावर विसंबून जाऊ नका. इस्पितळ एकच, गंभीर रुग्णाला फिजीला हलवतात, तेव्हा विमान-रुग्णवाहिकेचा खर्च देणारा विमा हवाच.

बाहेरच्या बेटांवर जायचं तर सरकारी बोट. नुकुलाएलाए सव्वाशे किलोमीटरवर, नानुमेआ त्याच्या कितीतरी पट दूर. तिथे हॉटेल नाही. बेटाची पंचायत, तिला ‘काउपुले’ म्हणतात, मुक्कामाची सोय बघते. तिचा होकार आल्याशिवाय बोटीत चढू नका. धक्का बहुतेक ठिकाणी नाही, बोट प्रवाळकड्याबाहेर थांबते आणि माणसं छोट्या होडीतून लाटेचा अंदाज घेत आत जातात. सामान जलरोधक पिशवीत बांधा, चपलेऐवजी पट्ट्याचे सँडल घाला. बोटीची तारीख सरकते आणि पुढची फेरी कधीकधी आठवड्यांनी असते. फिजीच्या विमानाची तारीख हातात असलेल्याने या भानगडीत पडू नये. ज्याच्याकडे महिना आहे त्याने जरूर जावं. सोबत तांदूळ, साखर, चहा न्यावा.

आणि फुनाफुतीहून निघताना सुटी नाणी तिथेच खर्च करा. नोटा ऑस्ट्रेलियाच्या असतात, पण नाण्यांत तुवालूचीही मिसळलेली असतात. ती देशाबाहेर कुणी घेत नाही.