हर्णै कार्यशाळा: आधी पंचांग, मग रंग

यंदा थंडीत दापोलीजवळच्या हर्णैला जलरंगातल्या निसर्गचित्रणाच्या कार्यशाळेला जाऊन आलो. माझा आजवरचा ऑन द स्पॉट सराव सगळा पुण्यातला: पेठेतले वाडे, नदीचा घाट, पर्वतीचा पायथा. तिथे सावली सरकते तेवढीच, बाकी चित्र जागच्या जागी असतं. किनाऱ्यावर चित्राचा अर्धा भागच पाय काढून निघून जातो.

सरांनी पहिल्या सकाळी ब्रश काढूच दिले नाहीत. आधी विचारलं, "आज तिथी कोणती?" षष्ठी. मग तिथीची पाऊणपट करा, म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कोकणातल्या पोराटोरांना हे येतं, आम्हा घाटावरच्यांना नवं. पुढचं मात्र चित्रकाराच्या कामाचं: पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. आरंभी आणि अखेरीस रेंगाळतं, मधल्या दोन तासांत झपाट्याने जातं. म्हणजे त्या दिवशी साडेसहा ते साडेआठ, नेमकी आमची बसायची वेळ. साताला तरंगणारी होडी रंग भरेपर्यंत चिखलात कुशीवर कलंडलेली! म्हणून नियम असा की पहिल्या दहा मिनिटांत पाण्याची रेघ, होड्यांचा कल आणि सावल्यांची दिशा पेन्सिलीने पक्की करायची. त्यानंतर समुद्राने काहीही केलं तरी कागदावरची रेघ हलवायची नाही.

मला सगळ्यात जास्त मिळालं ते वाऱ्याकडून. मतलई वारे आणि खारे वारे शाळेत पाठ केले होते. त्यांचा वॉशशी, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराशी, संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सकाळी जमिनीवरून येणारा कोरडा वारा कागद भराभर वाळवतो. आकाशाचा वॉश एका दमात खाली आणावा लागतो, नाहीतर मध्येच कडा पडते. दुपारी वारा फिरला, समुद्रावरून येऊ लागला की तोच ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद वाळायचं नावच घेत नाही. वरून कोरडा वाटतो, पण हाताची मागची बाजू टेकवली की गार लागतो. गार लागला म्हणजे आत पाणी आहे. त्यावर होडीची डोलकाठी ओढलीत तर ती फुटणारच. त्यामुळे आता कामाची वाटणी करून टाकली आहे: ओल्या कागदावर ओला रंग, ढग, क्षितिजाजवळचा धूसरपणा हे सगळं दुपारी. कडक कडा, तटबंदी, ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचे फटकारे) हे सकाळी.

प्रकाशाचंही तसंच. पश्चिम किनारा असल्याने सकाळी ऊन पाठीमागून येतं. समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला समोरून उजळलेला, तटाचे दगड दिसतात पण सगळं सपाट. संध्याकाळी सूर्य पाण्याच्या बाजूला जातो आणि होड्या गडद आकार होऊन उभ्या राहतात. चित्र संध्याकाळीच आहे, याबद्दल मला शंका नाही.

तिथेच एक कोळी काका मागे येऊन उभे राहिले. "आमची होडी निळी आहे, काळी का केलीत?"

"काका, उन्हाच्या विरुद्ध बघतोय ना, म्हणून."

त्यांनी डोळे बारीक केले. "मला तर निळीच दिसते."

पुन्हा नीट पाहिलं. सावलीतल्या बाजूवर वरच्या आकाशाचा उजेड पडतोच, आणि तिथे निळा खरोखर शिल्लक होता. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं मिश्रण निळ्याकडे झुकवलं, तळाशी तेवढा सिएना वाढवला आणि होडीला पोट आलं. सर पलीकडून बघत होते; म्हणाले, "फी त्यांना द्या." (काका तोवर मासळीच्या लिलावाकडे निघून गेले होते. तो गोंधळ रंगवायला वेगळी कार्यशाळा लागेल.)

सामानाबद्दल थोडक्यात. क्वार्टर शीटपेक्षा (पूर्ण कागदाच्या चौथ्या भागापेक्षा) मोठा कागद किनाऱ्यावर नेऊ नका, बोर्डाचं शीड होतं. ईझलच्या तिन्ही पायांमध्ये वाळूने भरलेली पिशवी लटकवली की काम भागतं. ब्रश गोड्या पाण्यात धुवा. छत्री पांढरी किंवा काळी असावी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर पडतो.

ओली पुळण अजून हाताला बसलेली नाही. ती कोरड्या वाळूपेक्षा गडद, तरीही आकाश दाखवणारी. यलो ऑकरवर पातळ निळा चढवला की हिरवट होते. सध्या आधी आकाशाचाच रंग खाली आणून, तो ओला असताना सिएना सोडून बघतोय. पुढची फेरी पौर्णिमेच्या आसपास ठरवली आहे. पाऊणपटीच्या हिशोबाने ओहोटी सव्वापाच-साडेपाचला येते, उधाणामुळे पाणी लांबवर मागे जातं, म्हणजे सूर्यास्ताला समोर भरपूर ओली वाळू मिळेल. कुणाला यायचं असेल तर दुपारी तीनच्या आत हर्णैला पोचायच्या बेताने निघा.