हाताची घडी, तोंडावर बोट आणि शांतता

वर्गात गलका वाढला की आपल्याकडे हुकूम ठरलेला आहे: ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ दहा सेकंदांत सगळं चिडीचूप. पण मुलांच्या आत काय चालू असतं? आधी बोट कोण काढतंय यावर नजर, आणि शेजारच्याला हळूच कोपरखळी. हे झालं गप्प बसवणं. शांतता मुलांनी स्वतः करायची असते, आणि साडेतीन-चार वर्षांची मुलं ती करतातही. मुलाच्या आतल्या जगाला शाळेने काय द्यावं यावर भाषणं पुष्कळ होतात. इथे मी एकाच खेळाबद्दल लिहितेय, शांततेच्या खेळाबद्दल. त्याला पैसा लागत नाही, आणि तो बहुतेक ठिकाणी उलटा घेतला जातो.

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झालं. तिथे एकदा अंगणात भेटलेल्या एका आईचं चार महिन्यांचं बाळ घेऊन त्या वर्गात आल्या. दुपट्यात गुंडाळलेलं ते बाळ अगदी निवांत होतं. हिच्याइतकं स्थिर तुम्हांला राहता येणार नाही, असं त्या गमतीने म्हणाल्या, तशी मुलांनी पाय जुळवले. हिचा श्वास बघा किती हलका चालतो, असं म्हटल्यावर मुलं श्वासही जपून घ्यायला लागली. मग एरवी कधी कानावर न येणारी घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्यातूनच पुढे लांबून एकेकाला कुजबुजत हाक मारायचा खेळ तयार झाला. इतका वेळ धीर धरल्याबद्दल त्यांनी मुलांना खाऊ देऊ केला, तर मुलांनी तो घेतला नाही. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

आपल्याकडे माँटेसरींची ही पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांमुळे रुजली. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक नव्या वर्गात पहिल्याच दिवशी हाच खेळ घेऊन उतरतो आणि सपशेल आपटतो. खिडक्या-दारं लावून अंधार केला की मुलं आपोआप शांत होतील, ही त्याची कल्पना. होतो तो नुसता धुडगूस. मला तो प्रसंग फार प्रामाणिक वाटतो, कारण आजही नेमकं असंच फसतं. मुलांना अंग आवरायची सवय नाही, समोरचा माणूस नवा, आणि सांगायचं काय, तर हलू नका!

म्हणून आधी तीन-चार आठवडे खेळाचं नावही काढू नका. त्या दिवसांत रोज पाच-दहा मिनिटं अंगाची कामं घ्या. पाट दोन्ही हातांनी उचलून आवाज न करता खाली ठेवायचा. दाराची कडी खडखड न करता लावायची. स्टीलची वाटी फरशीवर अशी टेकवायची की ‘टण्’ होऊ नये. यातली खुबी मुलांना तोंडाने सांगून कळत नाही, करून दाखवावी लागते: वाटीची एक कड आधी टेकवा, मग बोट न काढता बाकीची वाटी सावकाश खाली आणा. मधे एक शब्दही बोलू नका. बोललात की मूल तोंडाकडे बघतं आणि हात निसटतात.

दुसरं काम रेषेवरून चालण्याचं. खडूने जमिनीवर चार-पाच सेंटिमीटर रुंद लंबगोल आखा. चौकोन नको, कोपऱ्यावर मुलं अडखळतात. टाचेला अंगठा लावत चालायचं. ते जमलं की हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, नंतर वाजू न देता न्यायची छोटी घंटा. घंटा न वाजवता फेरी पूर्ण करणारं मूल शांततेच्या खेळाला तयार आहे, असं खुशाल समजा.

आता खेळ. पहिल्या वेळी सहा ते आठ मुलं पुरेत. याला कारण साधं आहे. प्रत्येक हाकेला मूल उठून तुमच्यापर्यंत येईपर्यंत आठ-दहा सेकंद जातात. वीस मुलं असली तर शेवटच्याला तीन मिनिटं थांबावं लागतं, आणि पहिल्या दिवशी तेवढं झेपत नाही. वेळ सकाळची, डबा खायच्या आधीची. पंखा बंद करा. त्याची घरघर आपल्याला ऐकू येईनाशी झालेली असते, पण तिच्याखाली बारीक आवाज सगळे बुडतात. त्यामुळे मे महिन्यात हा खेळ न घेतलेलाच बरा. पडदे अर्धे ओढा, काळोख करू नका.

आधी तुम्ही बसा. पाय स्थिर, मग हात, मग मान, शेवटी श्वास, या क्रमाने मुलांना तुमच्याकडे बघू द्या. मग त्यांना हवं तसं बसू द्या. मांडी घालूनच बसलं पाहिजे असं काही नाही. डोळे मिटायची सक्ती तर मुळीच नको, काही मुलं त्याने घाबरतात. सुरुवातीला अर्धा मिनिट पुष्कळ झाला. पुढे वाढवत दोन-तीन मिनिटांपर्यंत जाता येतं.

नंतर अजिबात आवाज न करता उठा आणि शेजारच्या खोलीत किंवा मुलांच्या पाठीमागे दाराशी जा. तिथून कुजबुजत, स्वर लांबवून हाक मारा: ‘ई...रा’, ‘स...मी...र’. ज्याचं नाव आलं त्याने तितक्याच हळू उठून तुमच्यापाशी यायचं. चुळबुळ्यांना आधी बोलवा, थांबता येणाऱ्यांना नंतर. पण शेवटचा नंबर रोज एकाच गुणी मुलावर ढकलू नका, ती त्याला शिक्षाच होते. नावांची चिठ्ठी हातात असू द्या, एकही नाव सुटता कामा नये. इतका वेळ जीव मुठीत धरून बसलेल्या मुलाला आपलं नाव आलंच नाही असं कळतं, तेव्हा त्या घावाला नंतर कितीही ‘सॉरी बाळा’ म्हटलं तरी उपाय नाही.

सगळ्यांत जास्त वेळा हा खेळ बिघडतो तो गोंगाट थांबवायचं औषध म्हणून वापरल्यामुळे. वर्ग आधीच बऱ्यापैकी शांत असेल तेव्हाच तो घ्यायचा. रोज ठरल्या वेळी घेतला तर प्रार्थनेसारखा पाठ होतो. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. मधे कुणी खोकलं, फिदीफिदी हसलं तर ‘शू!’ करू नका, तुमचा ‘शू’ त्या हसण्यापेक्षा मोठा असतो. पुन्हापुन्हा मोडत असेल तर ‘आज इथेच थांबू’ म्हणून हसून उठा. ज्याला बसायचंच नाही त्याला आधीच बाहेर झाडांना पाणी घालायला पाठवा. आणि ‘आज सगळ्यांत शांत कोण बसलं?’ हा प्रश्न विचारला की संपलंच. मघाचा तो खाऊ आठवा. मुलांना जे मिळालं ते त्यांचं होतं, आपण त्याला किंमत लावायला जातो.

खेळ झाल्यावर लगेच ‘काय काय ऐकलंत?’ अशी उजळणीही घेऊ नका. कागद आणि तेलखडू पसरून ठेवा आणि बाजूला व्हा. कुणी आपणहून सांगेल, कुणी चित्र काढेल, कुणी काहीच करणार नाही. एखादं म्हणेल, ‘मी भिंत ऐकली.’ भिंत ऐकू येत नाही हे ज्ञान त्याला त्या क्षणी द्यायची घाई नको.

सहा वर्षांपुढच्या मुलांना कुजबुजती हाक बालिश वाटते. त्यांना मैदानात किंवा गच्चीवर न्या. प्रत्येकाला अर्धा कागद, मधोमध फुली म्हणजे मी. तीन मिनिटांत जो आवाज येईल तो ज्या दिशेने आला तिथे खूण करून मांडायचा, लांबचा लांब, जवळचा जवळ. कुकरची शिट्टी, साळुंकी, रिक्षा, स्वतःचं पोट. कागद तपासायला गोळा करू नका.

अजून एक. पाठीमागून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी हाक मारूनही एखादं मूल उठलंच नाही, तर ते दुर्लक्ष करतंय असं धरून चालू नका. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्याआड कधीकधी द्राव साठून कमी ऐकू येतं, दुखत नाही म्हणून घरी कळत नाही. आईबाबांना बाजूला घेऊन कान तपासून घ्यायला सांगा, आणि तोवर त्या मुलाला समोर बसवून हाताने खूण करून बोलवा.