पॅडची संवेदनशीलता आणि सवयीचा हात

इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या दुरुस्तीत ‘पॅड नीट वाजत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे, आणि संवेदनशीलता वाढवून देण्याचा सोपा उपाय तिच्यावर बहुधा चुकीचा ठरतो. बोटांनी पॅड वाजवणाऱ्या एका अनुभवी वादक बाईंचा कंट्रोलर (पॅडवरचे ठोके संदेशरूपात ध्वनियंत्राला किंवा संगणकाला धाडणारे यंत्र) माझ्याकडे आला, तेव्हा कोणीतरी हाच उपाय आधी करून ठेवला होता.

मी मिडी मॉनिटर, म्हणजे यंत्रातून येणारे संदेश पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम, लावला आणि त्यांना नेहमीसारखे वाजवायला सांगितले. मिडी 1.0 या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संदेशभाषेत ठोक्याचा जोर 0 ते 127 या आकड्यांत नोंदवला जातो आणि 0 हा सूर थांबवण्यासाठी राखलेला असतो. पडद्यावर मात्र ठोका एकतर उमटतच नव्हता, नाहीतर थेट शंभराच्या पुढे जात होता. गेन, म्हणजे ठोका किती पटीने वाढवून मोजायचा ते प्रमाण, कमालीचा वाढवलेला होता. त्यामुळे कोपऱ्यातले पॅड आपोआप वाजू लागले, म्हणून त्यांना गप्प करण्यासाठी थ्रेशोल्डही (ज्याखालचा ठोका मोजलाच जात नाही ती मर्यादा) वाढवलेला होता, आणि त्यात सगळे हलके ठोके गिळले गेले होते.

मूळ सेटिंग परत आणून यंत्र टेबलावर सपाट ठेवले, तर ते निर्दोष वाजले. मग मी त्यांचा स्टँड मागवला. पकड आवळताच कोपऱ्यातले दोन पॅड हात न लावता बोलू लागले. स्टँडमुळे यंत्राचे कवच किंचित पिळले जात होते. या पॅडखालच्या सेन्सरचा विद्युत रोध दाबाने कमी होतो आणि पहिल्या हलक्या दाबालाच तो सर्वांत झपाट्याने कोसळतो, त्यामुळे कवचाचा एवढासा ताणही नेमका नाजूक ठोक्यांचा पट्टा खाऊन टाकतो. पकडीऐवजी खाली सपाट फळी दिली आणि दोष गेला.

त्यानंतरचे काम मी घाईने करत नाही. टेबलाला धक्का दिल्यावर पॅड वाजेपर्यंत थ्रेशोल्ड उतरवायचा आणि तिथून पॅडचे वाजणे थांबेपर्यंत पायरी-पायरीने वर आणायचा. वादकाचा सर्वांत जोरकस ठोका जेमतेम 127 ला टेकेल एवढाच गेन ठेवायचा. कर्व्हला, म्हणजे कोणत्या जोराला कोणता आकडा हे ठरवणाऱ्या रेषेला, हात लावायचा तो सर्वांत शेवटी. माहितीपुस्तिकांत या तिन्ही गोष्टी ‘सॉफ्ट’, ‘मीडियम’, ‘हार्ड’ अशा नावांखाली कोंबलेल्या असतात आणि त्यांतले नेमके काय बदलते हे सांगितलेले नसते, याचा मला मनापासून राग येतो.

सगळे जुळवून झाल्यावर बाई वाजवायला बसल्या आणि नाराज झाल्या. आता त्यांना प्रत्येक ठोका मोठा वाटत होता. हलका ठोका लागत नाही म्हणून त्यांचा हात मधल्या काळात जड झाला होता. मनगट दुखते, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. कार्यक्रम तोंडावर असल्यामुळे त्यांना आजच्या हाताला जुळणारे यंत्र हवे होते. मी दोन प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेल्या सेटिंगचे संच, करून दिले: एकात सरळ रेषेचा कर्व्ह, दुसऱ्यात बराच जोर लावल्याखेरीज वर न चढणारा. त्या दुसरा लावून गेल्या.

वादकाला हवे ते जुळवून देणे हे माझे काम आहे, हे मला मान्य आहे. तरीही तो दुसरा प्रीसेट त्या मनगटाला जड ठोक्यातच अडकवून ठेवील, अशी धास्ती वाटते. निदान घरच्या रियाजाला पहिला वापरा, एवढे मी त्यांना सांगितले; अधिक आग्रह धरायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.