बेडरूमचा वॉलपेपर काढला आणि भिंत वाचवली – माझा अनुभव

नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सात वर्षांपूर्वी बेडरूमच्या दोन भिंतींना वॉलपेपर लावला होता. यंदाच्या पावसाळ्यात बाथरूमकडच्या भिंतीवर तो कडेने सुटला आणि मागे काळी बुरशी दिसली. पेंटर म्हणाला, ताई, यावरच प्रायमर मारून टाकू, काही होत नाही. असं अजिबात करू देऊ नका! प्रायमरचं पाणी लागलं की जुना कागद फुगतो आणि सगळा रंग घेऊन सुटतो. शिवाय ओल आतच राहते. काढायचे वेगळे चार हजार सांगितले, मग म्हटलं आपणच काढू.

खिडकीकडची भिंत एका दुपारी झाली. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा कोपऱ्यातून नखाने सोडवला आणि हळूच खाली ओढला, खालचा कागद कोमट पाण्याने भिजवला, पुट्टी लावायच्या पत्तीने निघाला. झालं.

बाथरूमकडच्या भिंतीने मात्र माझी अख्खी नवरात्र खाल्ली. तिथेही पापुद्रा निघाला, पण खालचा कागद पंधरा मिनिटं भिजवून, अर्धा तास भिजवून, जागचा हलेना. मी वैतागून पत्ती जोरात घातली तर कागदाबरोबर तळहाताएवढी पुट्टी निघाली, थेट खालचं करडं प्लॅस्टर दिसायला लागलं, आणि त्या खड्ड्याच्या कडेला मला पांढरट चकचकीत थर दिसला. सुतार प्लाय चिकटवायला वापरतात तो पांढरा गोंद! लावणाऱ्याची पावडरची खळ संपली असणार आणि त्याने उरलेल्या भिंतीला हा चोपडला. मला आजही त्याचा राग येतो, कारण खळ पाण्याने विरघळते, पण हा गोंद एकदा वाळला की गार पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे आपण पाणी मारत बसतो, गोंद तसाच राहतो आणि मागची पुट्टी मात्र पाणी पिऊन मऊ होते. माझ्या भिंतीवर बोट दाबलं तर खळगा पडत होता, मग सगळं थांबवून दोन दिवस पंखा लावून वाळू दिलं.

दोन दिवस नुसतं बघत बसणं किती कठीण जातं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मधे रविवार कारंजाला जाऊन रुंद पत्ती आणायची होती तर कालिकेच्या यात्रेची गर्दी, जुन्या आग्रा रोडवर गाडी घालायची सोय नाही, लांबून फिरून गेले. पण गेले ते बरं झालं. दुकानातल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाणी नको, वाफ द्या, गोंद गरमीने सुटतो.

मग असं केलं. जुना पंचा भिजवून घट्ट पिळायचा, वीतभर जागेवर धरायचा, वरून इस्त्री दहा-पंधरा सेकंद, पंचा काढला की लगेच पत्ती भिंतीला जवळजवळ आडवी ठेवून सरकवायची. उभी धरली की टोक रुततं. गोंद गरम असतो तेव्हा कागद दह्याच्या सायीसारखा गोळा होत येतो, गार झाला की पुन्हा दगड. रोज संध्याकाळी दोन तास, असे पाच दिवस लागले, पण पुढे एकही खड्डा पडला नाही.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, पाणी मारण्याआधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरच्या बोर्डवरचा वीज तोडायचा खटका) बंद करा, स्विचबोर्डच्या मागे पाणी जातं. इस्त्रीसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या, ते ओल्यात पडू देऊ नका, आणि बोर्डाच्या आजूबाजूचा कागद कोरडाच खरवडा. बुरशी असेल तर मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. भिंतीला पीओपी आहे की सिमेंटवाली पुट्टी तेही आधी बघून घ्या. कपाटामागे रुपयाएवढी जागा पाच मिनिटं ओली ठेवून नखाने खरवडायची, पिठासारखं निघालं तर पाणी अगदी बेताने. कागदाला ब्लेडने चिरा पाडायला सांगतात, मी एकदाच पाडल्या, त्या पुट्टीत उतरल्या आणि नंतर भरत बसले.

कागद निघाला म्हणजे काम संपलं असंही नाही. खिडकीकडच्या भिंतीवर ओलं बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं, म्हणजे खळ उरलेली. स्पंजने कोमट पाण्याने दोनदा पुसून घेतली, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. बाथरूमच्या नळाच्या जोडातली गळतीही प्लंबरकडून आधी बंद करून घेतली, ओलीचं मूळ तिथेच होतं. मग चार दिवस वाळू दिलं, ऑक्टोबरचं ऊन कामी आलं, खड्ड्यात पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला.

दिवाळीच्या आधी तोच पेंटर प्रायमर मारायला आला. भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, ताई, कोणाकडून काढून घेतला? मी म्हटलं, मीच काढला.